भिंतीपलीकडचा गुरुवार

येत्या सोमवारी ज्ञानदेव कंपनीत हजर झाला नाही, तर त्याचं नाव कमी होणार होतं. हा निरोप माझ्या नवऱ्याने, भीमराजने आणला. लेबर ऑफिसरने त्याला प्रेस शॉपमधून बोलावून घेतलं होतं. "तुझ्या शेजारचाच ना तो? टूल रूमच्या खिडकीवर त्याच्यासाठी जागा केली आहे. सोमवारी यायला सांग. नाही आला तर पुन्हा मला काही करता येणार नाही."

भीमराज पहिल्या पाळीवरून आला, तोंडही न धुता शेजारी गेला आणि चहा उकळायच्या आत परत आला.

"काय म्हणाले भावजी?"

"न्हाई म्हणाला."

"का?"

त्याने बूट काढले, भिंतीला टेकून बसला आणि आवाज बारीक केला. आमच्याकडे खासगी बोलायचं तर आवाज बारीकच करावा लागायचा. "म्हणतो, त्या खिडकीतनं माणसाचं तोंड दिसत न्हाई. हात तेवढा दिसतो."

मी कंपनी आतून कधी पाहिली नव्हती, पण ती खिडकी मला तेव्हा दिसली. भीमराजच्या बोलण्यात ती बऱ्याचदा यायची. एसटीच्या तिकीटखिडकीसारखी ठेंगणी, वर जाळी. कामगाराने पितळी बिल्ला आत सरकवायचा, आतल्या माणसाने ड्रिल नाहीतर पाना बाहेर द्यायचा. दिवसभर हात येणार, हात जाणार. आणि ज्याच्या उजव्या हाताची चारही बोटं प्रेसखाली गेली, अंगठा तेवढा राहिला, त्याच्यासाठी त्यांनी नेमकी ही जागा शोधली होती. वाईट हेतूने नसेल. बसल्या जागचं हलकं काम म्हणतात ते तिथेच असेल.

ही गोष्ट १९८०च्या सुमाराची. आम्ही काळेवाडीत राहायचो. पवना ओलांडली की पिंपरी, कंपन्यांचे भोंगे घरात ऐकू यायचे. आमची खोल्यांची एकच लांब ओळ होती. मालकाने विटा वाचवायला मधल्या भिंती पुरुषभर उंच बांधून तशाच सोडल्या होत्या. त्यांच्यावर सगळ्या ओळीला मिळून एकच पत्रा. भिंत आणि पत्रा यांच्यामध्ये मोकळी जागा. त्यामुळे आमच्या फोडणीने शेजारी शिंकायचे. ज्ञानदेव म्हणायचा, "ज्याला बायकोशी भांडायचं त्यानं नदीवर जावं, इथं सगळी ओळ निकाल द्यायला बसलेली असती."

तो बीडकडचा. त्याची बायको सावित्रीबाई तशी अबोल, पण हा माणूस बोलला नाही तर आजारी पडेल असा. कामावरून येताना गल्लीच्या तोंडापासून त्याचा आवाज सुरू व्हायचा. भीमराज आणि तो शेजारशेजारच्या प्रेसवर होते, घरंही शेजारी. आमचं बुद्धवंदनेचं घर, त्यांच्याकडे खंडोबाचा टाक. पण डब्यातली भाजी एकमेकांची खायचे आणि एकमेकांच्या भाजीला नावं ठेवायचे.

प्रेसला, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनला, दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते. हात आत राहू नये म्हणूनच ती तशी केलेली असतात. पण असं काम केलं तर ठरलेला माल निघायचा नाही. म्हणून सगळेच एका बटणात लाकडाची खुंटी मारून ते दाबलेलं ठेवायचे. मग एक हात बटणावर, दुसरा पत्रा सरकवायला मोकळा. सुपरवायझर तिथून जाताना दुसरीकडे बघायचा. भीमराजच्या प्रेसला खुंटी होती, ज्ञानदेवच्याही होती. हात ज्ञानदेवचा गेला.

दवाखान्यातून आल्यापासून तो खोलीबाहेर पडत नव्हता. पहाटे उजाडायच्या आधी जाऊन यायचा तेवढंच. उजव्या हातावर कायम टॉवेल. कोणी भेटायला गेलं की भिंतीकडे तोंड करून झोपायचा. तो हात आम्ही कोणी पाहिला नव्हता. ज्या भिंतीवरून दिवसभर त्याचा आवाज यायचा तिथून आता फक्त सावित्रीबाईंच्या भांड्यांचा आवाज येई. त्याही भांडी जपून ठेवायच्या, आजारी माणसाच्या घरात ठेवतात तशी.

आता टीव्हीचं सांगते. अख्ख्या ओळीत तो आमच्या एकट्यांकडे होता. कंपनीच्या सोसायटीतून घेतलेला, लाकडी पेटीचा, काळापांढरा. पत्र्यावर अँटेना लावला होता आणि तो सिंहगडावरच्या टॉवरकडे वळवायचं काम टोकाच्या खोलीतल्या मारुतरावांचं. ते वेल्डर होते, उंचीला भीत नसत. वरून ओरडायचे, "आलं का?" आणि खालून सगळे मिळून, "आलं, आलं, गेलं."

दर गुरुवारी संध्याकाळी एक कार्यक्रम लागायचा, 'उरलंसुरलं' नावाचा. भुताखेताच्या गोष्टी, पण हसवणाऱ्या. दर वेळी वेगळी गोष्ट, वेगळी माणसं. सुरुवातीला काळा कोट घातलेला, गाल बसलेला एक म्हातारा रिकाम्या एसटी स्टँडच्या बाकड्यावर बसलेला दिसायचा. मांडीवरचा डबा उघडून आत बघायचा, तोंड वाकडं करून झाकण लावायचा आणि म्हणायचा, "असू द्या. गोष्टच सांगतो." डब्यात काय आहे यावर आमच्याकडे दर आठवड्याला वाद व्हायचा. समोर राहणाऱ्या शालनबाईंचं मत होतं की दोडका. त्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायच्या. डब्यात बघून असं तोंड करणारी माणसं रोज बघते, म्हणायच्या.

एक गोष्ट मला अजून आठवते. एक चिक्कू म्हातारा मरतो. दहाव्याला घाटावर पिंड ठेवलेला, सगळे कावळ्याची वाट बघतायत आणि कावळा काही शिवत नाही. भटजी, पोरं, भाऊबंद सगळे म्हाताऱ्याची इच्छा काय राहिली ते विचारून दमतात. सुनेला सांभाळू म्हणतात, विहीर वाटून घेऊ म्हणतात. आणि आपल्याला दिसत असतं की म्हातारा स्वतःच पिंडाशेजारी उकिडवा बसलाय आणि कावळा आला की हातातल्या पंच्याने हाकलतोय. तांदूळ त्याच्या घरचे ना. जन्मभराची सवय. शेवटी त्याला कळतं की कावळा शिवल्याशिवाय आपल्याला पुढे जाता येणार नाही. तरी तो कावळ्याला अर्धाच घास घेऊ देतो.

त्या दिवशी मारुतराव एवढे हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "आमचा चुलता," ते म्हणाले. "तंतोतंत आमचा चुलता."

शालनबाई पदर डोळ्यांवर धरून बसायच्या आणि पदराच्या आडून बघायच्या. "मी आपली रामरक्षा म्हणत बसते," म्हणायच्या. पण गुरुवारी सगळ्यात आधी येऊन पुढची जागा धरायच्या त्याच.

लोकांना तो कार्यक्रम इतका का आवडायचा याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. एक कारण अगदी साधं. आमच्याकडे पाळ्या आठवड्याला बदलायच्या. एक आठवडा पहिली, मग दुसरी, मग रात्रपाळी. दुसरी पाळी असली की गुरुवार बुडायचा. लांबणारी मालिका कामगाराने बघायची कशी? मधला दुवा निसटला की सासू कोण नि जाऊ कोण कळत नाही. ही गोष्ट बसल्या जागी सुरू होऊन बसल्या जागी संपायची. बुडाली तर तेवढीच बुडाली.

दुसरं कारण सांगायला अवघड आहे. दमून आलेल्या माणसाला रडवणारं काही बघवत नाही. आणि छान छान घरं, बाग, पियानो वाजवणारी मुलगी, असलंही फार वेळ बघवत नाही, डोळा लागतो. पण मेलेला म्हातारा पिंडावरचा कावळा हाकलतोय म्हटलं की डोळे उघडे राहायचे. भीती म्हणून जे काही होतं ते आम्हाला नवीन नव्हतं, ते रोज कामाला जाताना घरातून निघायचं आणि संध्याकाळी परत यायचं. त्याला हसता येतं, एवढं मात्र नवीन होतं. अर्ध्या तासापुरतं.

अपघातानंतर काही आठवडे आम्ही गुरुवारी टीव्ही लावलाच नाही. मग शालनबाईच म्हणाल्या, बारीक आवाजात लावा. लावला. त्या दिवशी न्हाव्याची गोष्ट होती. गिऱ्हाईक खुर्चीत बसलेलं, आरशात खुर्ची रिकामी. आणि न्हाव्याला त्याचं काही नाही, त्याची काळजी वेगळीच, की गाल कापला तरी रक्त येत नाही म्हणजे वस्तऱ्याला धार राहिली नाही. आम्ही तोंडावर हात धरून हसत होतो. मध्येच बोलणं थांबलं, नुसती वाद्यं वाजायला लागली, आणि भिंतीवरून आवाज आला.

"आरशात काय दिसायलंय?"

इतक्या दिवसांनी तो आवाज आला होता, घसा बसल्यासारखा. तो ऐकत होता. पहिल्यापासून ऐकत होता.

मी म्हणाले, "काही नाही भावजी. खुर्ची रिकामी दिसते आरशात."

"आणि न्हावी?"

"न्हावी वस्तरा पट्ट्यावर घासतोय."

"गिऱ्हाईकाकडं बघंना का तो?"

"बघतो की. त्याच्या कानामागचा साबण पुसला."

"हां," तो म्हणाला. "मग नीट हाय."

तेव्हापासून तशी पद्धतच पडली. बोलणं असेल तेव्हा आम्ही गप्प, नुसतं चित्र असेल तेव्हा मी मोठ्याने सांगायचं. मारुतराव मध्ये मध्ये दुरुस्त्या करायचे. "वहिनी, ती विहीर न्हाई, आड हाय." पलीकडून हुंकार यायचा. कधी हसू. पण ये म्हटलं की तो हुंकारही बंद व्हायचा. भीमराज दोनदा दारात जाऊन आला. मग आम्ही म्हणायचं सोडलं.

निरोप आला तो मंगळवार. बुधवारी नळावर सावित्रीबाई माझ्याशेजारी हंडा लावून उभ्या राहिल्या.

"भावाचं पत्र आलंय," त्या म्हणाल्या. "गावाला या म्हणतो."

"जाणार?"

"तिथं दोन हात असणारांना काम नाही कस्तुराबाई. भाऊ आठवडाभर भाऊ असतो, मग भावजय असती." हंडा भरून वाहायला लागला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "मी पाया पडले त्यांच्या. नुसतं एक दिवस जाऊन बघा म्हणलं. तर म्हणतात, तू जा. तुला दोन हायत."

आम्ही दोघींनी मिळून तो हंडा उचलला.

गुरुवारी त्या आमच्याकडे आल्या आणि दाराशी बसल्या. एरवी त्या यायच्या नाहीत. घरात बसवेना म्हणाल्या. भीमराज पहिल्या पाळीवरून आलेला होता, मारुतराव होते, शालनबाई पुढे. मी नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून, म्हणजे आवाज वर जायला बरा.

गोष्ट एका मास्तरची होती. पोरांना बदडून काढणारा, घरी इकडची काडी तिकडे न करणारा. एक दिवस बाजाराच्या गावाहून एसटीने येतो. मी सांगत होते, "गाडी थांबली. मास्तर उतरतायत. पिशवी राहिली वाटतं आत, हात घातला. कंडक्टरने दार ओढलं आणि..."

आणि मी थांबले. टीव्हीवर रक्तबिक्त काही दाखवलं नाही. नुसता खट असा आवाज. गाडी निघून गेली आणि धुळीत एक हात पडलेला, मनगटापासूनचा. त्याने बोटं हलवून बघितली, अंगावरची धूळ झटकली आणि खेकड्यासारखा तुरुतुरु चालायला लागला.

कोणी हसलं नाही. सावित्रीबाईंनी माझं मनगट धरलं. भीमराज उठला आणि त्याने बटण पिळून आवाज अगदी बंद केला. तीच चूक झाली. त्या ओळीत एखादा आवाज एकदम थांबला की सगळ्यांचे कान टवकारायचे.

"आवाज का बंद केला?" पलीकडून आलं.

मारुतराव म्हणाले, "लाईट गेली राव."

"मारुतराव, तुमच्याकडचा उजेड पत्र्यावर दिसायलाय मला."

शालनबाईंनी या खेपेला पदर खरोखरच डोळ्यांवर घट्ट दाबून धरला होता.

"वहिनी, मास्तरचं काय झालं?"

मी सावित्रीबाईंकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, नको. मला काहीतरी बनवून सांगता आलं असतं. मास्तर पडले, गाडी हुकली, काहीही. पण भिंतीपलीकडे बसून त्याने चार महिने आमचे आवाजच ऐकले होते. मला वाटलं, हा ओळखेल, आणि मग पुन्हा काही विचारणार नाही.

"मास्तरांचा हात तुटला, भावजी," मी म्हणाले.

टीव्हीवर तो हात शेताच्या बांधावरून मुकाट्याने चाललेला.

"कशानं?"

"एसटीच्या दाराने."

"बरं. मग?"

"मग हात चालायला लागला."

"कुठं?"

"घरी निघालाय."

"मास्तरच्या आधी?"

"हो. मास्तर मागे राहिले. हातच पुढे."

मग तो म्हणाला, "अहो आवाज वाढवा की."

भीमराजने आवाज वाढवला. हात घरी पोचला आणि त्याने कडी वाजवली. मास्तरांच्या बायकोने दार उघडलं, खाली बघितलं, किंचाळली. हात शहाण्यासारखा पायपुसण्यावर पुसला गेला आणि आत आला. ओट्यावर चढला. खरकटी भांडी पडली होती, ती विसळायला लागला. बाई कोपऱ्यात थरथरत उभी. हळूहळू तिचं थरथरणं थांबलं. ती जवळ आली, वाकून त्या हाताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "चाळीस वर्षं त्यांच्या अंगाला होतास, एक भांडं कधी विसळलं नाहीस."

पलीकडून आवाज आला. आम्हाला आधी कळेना, रडतोय की काय. सावित्रीबाई अर्ध्या उठल्या. तो हसत होता. बऱ्याच दिवसांत न लावलेला पंप आधी नुसता खाकरतो, तसं.

"आता काय करायलाय?"

"भाजी निवडतोय," शालनबाईंनी पदराआडून सांगितलं. "मेथी."

"कोणता हात हाय? उजवा का डावा?"

"डावा," मी म्हणाले.

"उजवा हाय," भीमराज म्हणाला.

"डावाच," मारुतराव म्हणाले. "मास्तरांनी डाव्या अंगानं हात घातला दारात. मी बघितलं की."

"तुम्ही बघितलंत, तेव्हा मास्तर आपल्याकडं तोंड करून होता," भीमराज म्हणाला. "म्हणजे उलटं."

"उलटं कसं? टीव्ही काय आरसा हाय का?"

"मग अंगठा बघा, अंगठा."

"तो पालथा हाय. पालथ्याचा अंगठा..."

मारुतरावांनी आपले दोन्ही हात जमिनीवर पालथे घालून बघितले. शालनबाईंनीही घातले. आम्ही सगळेच हात बघत बसलो आणि जास्तच गोंधळलो. एवढी मोठी माणसं, पण एकालाही छातीठोक सांगता येईना.

पलीकडे चपला सरकवल्याचा आवाज आला. मग दाराची कडी. सावित्रीबाई दारातून बाजूला झाल्या, भिंतीला चिकटून उभ्या राहिल्या, आणि ज्ञानदेव आत आला. दाढी वाढलेली, रंग उतरलेला, उजव्या हातावर तो टॉवेल. कोणाकडे न बघता तो सरळ टीव्हीसमोर गेला आणि वाकला. टॉवेल मध्ये यायला लागला तसा त्याने तो डाव्या हाताने काढून खांद्यावर टाकला. आणि उजवा हात टीव्हीच्या पेटीवर पालथा ठेवला, चित्रातला हात होता त्याच दिशेने.

"हे बघा," तो म्हणाला. "माझाबी अंगठा ह्याच अंगाला. उजवाच हाय."

तेव्हा आम्ही तो हात पाहिला. कातडी गुलाबी, ताणलेली, टाक्यांची ओळ, आणि तो अंगठा एकटाच. टीव्हीच्या निळसर उजेडात सगळं स्वच्छ दिसत होतं. मारुतराव पुढे सरकले, चष्मा वर केला, आधी चित्रातला हात बघितला, मग ज्ञानदेवचा, मग परत चित्रातला.

"तसं बघितलं तर तुझं बरोबर हाय," ते म्हणाले.

शालनबाईंनी विचारलं, "दुखतं का अजून?"

"गारठ्यात." तो मागे सरकून खाली बसला. "सरका जरा, दिसंना मला."

गोष्टीच्या शेवटी त्या हाताने मास्तरांच्याच वळणदार अक्षरात बदलीचा अर्ज लिहिला. मास्तर लांबच्या गावी गेले. हात घरी राहिला. बाई रोज संध्याकाळी दोन कप चहा करायची.

सावित्रीबाई दारातूनच म्हणाल्या, "आमचाही आला असता तर मी दार उघडलं असतं. पण भांडी विसळायच्या बोलीवर."

ज्ञानदेव मागे न बघता म्हणाला, "तो कंपनीतच हाय. ओव्हरटाइम करायला असंल."

आम्ही आधी एकमेकांकडे बघितलं. मग मारुतराव हसले, मग सगळे. सावित्रीबाई हसत होत्या आणि तोंड पदराने पुसत होत्या, पुन्हा पुन्हा.

भीमराज हसला नाही. शुक्रवारी त्याने प्रेसची खुंटी काढून टाकली आणि दोन्ही बटणांवर काम केलं. माल कमी निघाला. सुपरवायझर सगळ्यांसमोर बोलला. शनिवारीही तसंच. पुढच्या आठवड्यात त्याने खुंटी परत मारली. मला हे त्याने कितीतरी दिवसांनी सांगितलं, तेही दुसऱ्याच कुठल्या गोष्टीच्या ओघात.

त्या गुरुवारमुळे ज्ञानदेव कामावर गेला असं मी कधी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. शनिवारी भीमराजने त्याला विचारलं तर तो पुन्हा नाहीच म्हणाला. रविवारी दिवसभर भिंतीवरून काही आलं नाही. त्यांची ट्रंक सरकवल्याचा आवाज एकदा आला. मला वाटलं, संपलं. मी त्या दिवशी सावित्रीबाईंच्या वाटीभर साखरेची परतफेड करून आले, राहायला नको म्हणून.

सोमवारी सकाळी मी कणीक मळत होते तर पलीकडे तो बोलताना ऐकू आला. "इतकी घट्ट नको. पाय सुजतो माझा." सावित्रीबाई त्याच्या बुटाची नाडी बांधत होत्या. मग, "टॉवेल ठेव तिथं. नको देऊस." मी कणकेचे हात तसेच धरून बसून राहिले. भीमराजने त्या दिवसापुरती पाळी बदलून दिवसाची जनरल घेतली होती, तो दारात उभा होता. दोघं गल्लीतून चालत गेले, सायकली न घेता. ज्ञानदेवचा उजवा हात कुठे ठेवू असं होत होतं, कधी खिशाजवळ जाई, कधी पाठीमागे. वळणापर्यंत मी बघत होते.

तो दिवस मला फार लांब गेला. सावित्रीबाई दोनदा येऊन गेल्या, काहीतरी मागायला म्हणून, आणि काही न मागता गेल्या. शालनबाई कँटीनमधून लवकर आल्या, पण त्यांना टूल रूमकडे जायला मिळालं नव्हतं. शेवटी संध्याकाळी पावलं वाजली. भीमराज आधी आला. मी त्याच्याकडे बघितलं, त्याने बोलू नको अशी खूण केली आणि आम्ही दोघंही भिंतीकडे कान देऊन बसलो. लाज वाटायला हवी होती. पण पलीकडे सावित्रीबाईंनी अजून काही विचारलं नव्हतं.

मग त्याचाच आवाज आला. "स्टूलच नाही तिथं. दिवसभर उभं. हलकं काम म्हणे."

"उभंच?" सावित्रीबाई म्हणाल्या.

"तर. आणि ती पोरं बिल्ला फेकतात आत, हातात देत न्हाईत. खाली वाकून वाकून कंबर गेली. उद्या सांगतो एकेकाला." चूळ भरल्याचा आवाज. "चहा टाकतेस का नुसती बघत बसतेस?"

प्राइमसला पंप मारल्याचा आवाज आला. तो अजून कुरकुरत होता, सुपरवायझरला, स्टूलला, उन्हाला, कामावरून आलेल्या कुठल्याही माणसासारखा. भीमराजने डोळे मिटून डोकं भिंतीला टेकलं. मी उठून आमचाही चहा टाकला.